कपडेपटातला धर्म

1883 साली अमेरिकेत थंडी पडू लागली, तेव्हा एका मराठी विद्यार्थिनीपुढे लुगड्याचा प्रश्न उभा राहिला. कासोट्याच्या नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. कल्याण-पुण्याच्या हवेत त्याचं काही वाटत नाही, फिलाडेल्फियाच्या बर्फात मात्र ते निभण्यासारखं नव्हतं. आनंदीबाई जोशी शेवटी गुजराती धाटणीची साडी नेसू लागल्या, म्हणजे पाय झाकले जातात आणि आत उबदार कपडेही घालता येतात. गोष्ट एवढीशीच. पण हिंदुस्थान सोडण्याआधी त्यांनी भर सभेत शब्द दिला होता की खाणं, पोशाख, चालीरीती यांतलं काहीही बदलणार नाही. त्यामुळे नेसण्याची पद्धत बदलली तर शब्द मोडला का, आणि शब्द मोडला तर धर्म सुटला का, याचा विचार त्यांना करावा लागला. धर्म नेमका कशात असतो, हा मोठा प्रश्न निऱ्यांच्या वाटेनं त्यांच्यापर्यंत पोचला होता.

आज हे सांगितलं तर ऐकणाऱ्याला गंमत वाटेल. पण नऊवारीचं ओझं आजही कमी झालेलं नाही, फक्त त्याची दिशा उलटली आहे. मराठी वाहिनीवर जुन्या काळातली मालिका सुरू होणार असली की पहिल्या जाहिरातीत नऊवारी, नथ, खोपा आणि तुळशीवृंदावन दिसलंच पाहिजे. गुढीपाडव्याला डोंबिवलीच्या फडके रोडवर उभं राहिलं तरी हेच दिसतं. गणेश मंदिर संस्थाननं 1999 मध्ये सुरू केलेली नववर्ष स्वागतयात्रा आता ठाणे, गिरगाव आणि कुठे कुठे पोचली आहे. त्यात नऊवारी नेसून बुलेट चालवणाऱ्या मुली असतात आणि चित्ररथावर जिजाऊ, अहिल्यादेवी, सावित्रीबाई झालेल्या शाळकरी पोरी असतात. यात वाईट काहीच नाही, उलट मजा आहे. पण परंपरा म्हणजे नेसणं आणि धर्म म्हणजे देखावा हे समीकरण इतकं मुरलं आहे, की ज्या बाईनं याच समीकरणाशी झगडून स्वतःचं उत्तर शोधलं, तिलाही आपण कपडेपटातूनच ओळखतो.

आनंदीबाईंचं माहेर कल्याणचं. यमुना हे त्यांचं माहेरचं नाव, जन्म 31 मार्च 1865 चा. कल्याणला रेल्वे येऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि गावातलं सार्वजनिक वाचनालय आदल्याच वर्षी निघालं होतं. टपाल खात्यात नोकरीला असलेले बिजवर गोपाळराव जोशी कल्याणात आले आणि नऊ वर्षांच्या यमुनेशी त्यांचं लग्न झालं. दोघांच्या वयात सुमारे वीस वर्षांचं अंतर. बायकोला शिकवायचंच, हा त्यांचा हट्ट होता आणि त्या हट्टापायी ते हातही उगारत. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो दहा दिवसांत गेला. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशा बदल्या होत होत दोघं श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरला पोचली. तिथून आनंदीबाई एकट्या निघाल्या. 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूकही झाली, पण रुजू होण्याआधीच 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात क्षयानं त्यांचा अंत झाला. वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

एवढ्या छोट्या आयुष्याचं पुढे काय काय झालं! काशीबाई कानिटकरांनी मराठीत आणि कॅरोलिन डॉल या अमेरिकन लेखिकेनं इंग्रजीत मृत्यूनंतर लगेचच चरित्रं लिहिली. 1968 मध्ये श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी आली. राम जोगळेकरांनी तिचं नाटक केलं आणि त्यात डॉ. काशीनाथ घाणेकर होते, ज्यांच्या नावाचं नाट्यगृह ठाण्यात आहे. कमलाकर सारंगांनी दूरदर्शनसाठी हिंदी मालिका केली. 2019 मध्ये समीर विद्वांस यांचा चित्रपट आला. त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत दोन मान मिळाले, एक सामाजिक विषयासाठी आणि दुसरा निर्मिती-रचनेसाठी. वाडे, कंदील, टपाल कचेरी, बोट अशा एकोणिसाव्या शतकाच्या उभारणीचा तो गौरव होता आणि तो रास्तच होता.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं जग पडद्यावर उभं करायला आता आपल्याला चांगलंच जमतं. घोडबंदर रोडच्या आसपासच्या स्टुडिओंत रोज कुठल्या ना कुठल्या काळाचा दिवाणखाना उभारला आणि मोडला जातो. वाडा उभा करता येतो, पण त्या वाड्यात राहणाऱ्या माणसाची श्रद्धा उभी करता येते का, हा खरा प्रश्न आहे.

बहुतेक कालपटांत धर्माला ठरलेल्या दोनच जागा असतात. एक देवघर, म्हणजे समया, रांगोळी आणि मंद स्वरातलं स्तोत्र. दुसरी खलनायकाचं तोंड, म्हणजे शेंडी, सोवळं, ‘धर्म बुडाला’ ही आरोळी आणि ओसरीवर जमलेले चार भुवया चढवलेले म्हातारे. नायिका या दोहोंच्या मध्ये उभी असते आणि तिच्या मनात असतो तो आपल्याच काळातला, आपल्याच मताचा एक सुशिक्षित प्रेक्षक. तिनं धर्मावर काही विचार केला असेल, त्याच्याशी भांडली असेल, त्यातूनच बळ घेतलं असेल, हे पटकथेत मावत नाही. प्रेक्षकाची सोय मात्र होते. दीडशे वर्षांपूर्वीचे लोक किती मागासलेले होते आणि आपण किती पुढे आलो, हे अर्ध्या तासात कळतं, आणि मग जाहिराती लागतात.

आनंदीबाईंच्या बाबतीत हे सरळसरळ खोटं आहे. पुरावा 24 फेब्रुवारी 1883 चा.

त्या दिवशी सेरामपूरच्या बाप्टिस्ट कॉलेजच्या सभागृहात त्यांनी इंग्रजीत भाषण केलं. हे कॉलेज 1818 मधलं, विल्यम कॅरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काढलेलं. याच कॅरीनं 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं होतं, म्हणजे मराठी माणसाचं त्या गावाशी नातं जुनंच. समोर मिशनरी साहेब होते आणि बंगाली भद्रलोकही होते. आनंदीबाईंना अठरावं पुरं व्हायला महिन्याभरावर अवधी होता. लोक आपल्याला काय विचारतात, याचे त्यांनी सहा प्रश्न केले. अमेरिकेलाच का? इथे शिकायची सोय नाही का? एकटीच का? परत आल्यावर वाळीत टाकणार नाहीत का? संकट ओढवलं तर काय कराल? आणि आजवर कुठल्याही बाईनं जे केलं नाही ते तुम्हीच का करावं?

यातलं चौथं आणि सहावं उत्तर लक्ष देऊन पाहण्यासारखं आहे. वाळीत टाकण्याबद्दल त्या म्हणाल्या की त्याची मला मुळीच भीती नाही. मी जशी इथे राहते तशीच तिथे राहणार, हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येऊन इथे राहणार, मग मला बाहेर का काढतील? कुणाला यात शरणागती दिसेल, पण हा डाव होता. समुद्र ओलांडल्यानं धर्म जातो की आचरण सोडल्यानं, हा वाद त्यांनी एका वाक्यात आचरणाच्या बाजूला ओढला आणि समुद्र ओलांडण्याला दुय्यम करून टाकलं.

सहाव्या उत्तरात तर त्यांनी दोन्ही बाजूंना त्यांच्याच शस्त्रानं गाठलं. आधी मनूचा आधार घेतला आणि कर्तव्य टाकून देणं हे अक्षम्य पाप आहे असं सांगितलं. मनुस्मृतीचा असा उपयोग करायला धाडस लागतं. ज्या ग्रंथाचं नाव घेऊन बायकांना घरात ठेवलं जाई, तोच ग्रंथ उंबरठा ओलांडण्यासाठी साक्षीला काढला. मग त्या समोरच्या ख्रिस्ती श्रोत्यांकडे वळल्या. तुमच्या समजुतीप्रमाणे येशूनं सगळ्यांसाठी प्राण दिले नसते तर तुमचा उद्धार झाला असता का, तो शिक्षेला भिऊन मागे सरला का, असं त्यांना विचारलं आणि लगेच आपले शिबी राजा आणि मयूरध्वज मागे सरले नाहीत, हेही जोडलं. कबुतरासाठी मांडीचं मांस कापून देणारा शिबी आणि क्रूसावरचा येशू हे एका श्वासात, तेही मिशनच्या सभागृहात. बाप्टिस्ट धर्मशास्त्रात ही बरोबरी बसत नाही. श्रोत्यांना ती खुपली असेल तर नवल नाही, पण मुलीचं म्हणणं स्वच्छ होतं. दुसऱ्यासाठी स्वतःला झोकून देणं हा धर्म आहे आणि त्याची मक्तेदारी कुणा एकाकडे नाही.

हे भाषण ज्या दबावाखाली झालं तोही समजून घ्यायला हवा. 1878 मध्ये गोपाळरावांनी कोल्हापुराहून वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला मदतीसाठी पत्र लिहिलं होतं. वाइल्डर पूर्वी कोल्हापुरातच मिशन चालवत. त्यांनी ते पत्र ‘मिशनरी रिव्ह्यू’त छापलं आणि वर सल्ला दिला तो ख्रिस्ताला शरण जाण्याचा. पुढे न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट बघत बसल्या असताना तो अंक त्यांच्या हाती पडला आणि त्यांनी पत्र धाडलं. त्या पत्रात धर्माची अट नव्हती. त्यातून मावशी-भाचीचं नातं जुळलं आणि जून 1883 मध्ये आनंदीबाई त्यांच्याच घरी उतरल्या. म्हणजे एकाच ख्रिस्ती समाजातून आनंदीबाईंना अटही आली आणि विनाअट मायाही आली. ‘मिशनरी म्हणजे धर्मांतराचा सापळा’ किंवा ‘मिशनरी म्हणजे उद्धारक’ असं एकच लेबल ज्याला लावायचं आहे, त्याची या पत्रव्यवहारापुढे पंचाईत होते. पटकथालेखकाचीही होते.

त्याच 1883 च्या सप्टेंबरात, 29 तारखेला, इंग्लंडमधल्या वाँटेज इथे पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. दोघी दूरच्या नात्यातल्या, दोघी देशाबाहेर, दोघींवर सारखाच दबाव. एकीनं धर्म बदलला, एकीनं बदलला नाही. आणि मार्च 1886 मध्ये आनंदीबाईंना पदवी मिळाली तेव्हा रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम फिलाडेल्फियाला आल्या. ख्रिस्ती झालेल्या रमाबाई पुढे वाँटेजच्या भगिनींशी ख्रिस्ती सिद्धान्तांवर वाद घालत राहिल्या. हिंदू राहिलेल्या आनंदीबाई मिशनच्या वर्तुळात वावरूनही आपल्या जागेवरून हलल्या नाहीत. या दोघी एका खोलीत बसल्या असतील तेव्हा काय बोलल्या असतील? मालिकेनं कल्पना लढवावी अशी ही जागा आहे.

आता अडचणीचा भाग. अमेरिकेत एका मिशनरी महिलासभेत बालविवाहावर बोलण्याची वेळ आली तेव्हा आनंदीबाईंनी त्या चालीची बाजू घेतली. नवव्या वर्षी लग्न झालेल्या आणि चौदाव्या वर्षी मूल गमावलेल्या बाईनं! त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र, म्हणजे पाश्चात्त्य वैद्यकाच्या कॉलेजात बसून त्या जुन्या शास्त्राचा हिशेब मांडत होत्या. पण नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात याच बाईनं आपल्या लहानपणी त्यानं केलेल्या मारहाणीची आठवण दिली आणि तुमचं वागणं चांगलं की वाईट असं विचाराल तर दोन्ही, असं लिहिलं. परक्यांच्या सभेत आपल्या समाजाची झाकलेली बाजू उघडी न करणारी आणि घरातल्या माणसाला मात्र तोंडावर सांगणारी ही बाई आपल्या ओळखीची आहे, घराघरांत सापडेल. तिला ‘बंडखोर’ म्हणून चालत नाही आणि ‘सनातनी’ म्हणूनही चालत नाही. म्हणूनच बालविवाहाचं भाषण बहुधा पटकथेत येत नाही.

हा मराठी मालिकांचाच दोष आहे असं मात्र नव्हे. इंग्रजांनी स्वतःच्या कादंबऱ्यांचं काय केलं ते पाहावं. शार्लट ब्राँटीची ‘जेन एअर’ 1847 ची. तिच्यातला सेंट जॉन रिव्हर्स हा पाद्री जेनला हिंदुस्तानी शिकवतो आणि मिशनऱ्याची बायको होऊन हिंदुस्थानात चल म्हणतो. जेन नकार देते, पण कादंबरीचं शेवटचं पान तिच्या संसाराचं नाही, हिंदुस्थानात मरणाच्या दारी असलेल्या त्या पाद्र्याच्या श्रद्धेचं आहे. पडद्यावरच्या बहुतेक रूपांतरांत जेन आणि रॉचेस्टर भेटले की गोष्ट आटोपते. जॉर्ज एलियटची ‘मिडलमार्च’ सुरूच होते ती आविलाच्या संत तेरेसावरच्या प्रास्ताविकानं. मोठ्या कार्यासाठी तहानलेली, पण काळानं तशी जागाच न दिलेली बाई कशी असते, हा तिथला प्रश्न. बीबीसीची 1994 ची सहा भागांची मालिका उत्तमच आहे, पण ती उघडते डॉक्टर लिडगेटच्या घोडागाडीवर आणि नव्यानं बांधल्या जाणाऱ्या रेल्वेवर. संत गेली आणि आगगाडी आली. कॅमेऱ्याला आगगाडी दिसते, हे खरंच आहे. जाता जाता, ‘मिडलमार्च’मधला म्हातारा नवरा कॅसोबॉन बायकोला आपल्या विद्येच्या जवळ फिरकू देत नाही आणि आपले गोपाळराव बायकोला विद्येपासून पळू देत नाहीत. दोघांच्या संसारात गुदमरणं मात्र सारखंच.

गोपाळराव हा तर धर्माच्या बाबतीत चालताबोलता सुरुंग होता. आनंदीबाई गेल्यावर तीन वर्षांनी, ऑक्टोबर 1890 मध्ये, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये त्यांनी नामवंत मंडळींना जमवलं. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. चहा-बिस्किटं पुढे आली. कुणी चहा घेतला, कुणी नुसता हातात धरला. पुढे गोपाळरावांनी जमलेल्यांची नावं वर्तमानपत्रात दिली आणि गावात ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. गोपाळराव स्वतः पुढे ख्रिस्ती झाले आणि थोड्याच अवधीत प्रायश्चित्त घेऊन परत हिंदूही झाले. एका पेल्यातल्या चहानं धर्म जातो का, हे त्यांना सिद्ध करायचं होतं की सुधारकांची भीड उघडी पाडायची होती, की नुसती खोड काढायची होती? बहुधा तिन्ही.

या चहाचा सगळ्यांत जड घोट रानड्यांच्या घरात गेला. मित्रांच्या आग्रहाखातर त्यांनी प्रायश्चित्त घेतलं. रमाबाई रानड्यांनी 1910 च्या आपल्या आठवणींत या प्रसंगाबद्दल लिहिलं आहे आणि त्याच आठवणींच्या आधारानं 2012-13 मध्ये झी मराठीवर ‘उंच माझा झोका’ ही मालिका आली. कल्याण-डोंबिवलीतल्या घरांत ती संध्याकाळी लागायचीच, आणि घरातल्या बायकांच्या विरोधाला तोंड देत शिकणारी छोटी रमा सगळ्यांना आवडली. पण रानड्यांचा खरा नैतिक पेच पाटी-पेन्सिलीच्या पलीकडचा आहे. प्रार्थना समाजाच्या या एकेश्वरवादी माणसाला चहात पाप दिसत नव्हतं. तरी ज्याला पाप मानत नाही त्याचं प्रायश्चित्त त्यानं घेतलं, कारण मित्रांची घरं वाळीत पडत होती. हा भेकडपणा की माणुसकी? स्वतःच्या सत्याशी प्रामाणिक राहावं की जवळच्यांच्या संसाराशी? धर्मग्रंथ याचं उत्तर देत नाहीत आणि सुधारकांचे ग्रंथही देत नाहीत. रानड्यांवर तेव्हा दोन्हीकडून टीका झाली आणि आजही वाचक दोन्हीकडे विभागलेले सापडतात.

मालिकावाले म्हणतील, आम्हाला रोजचा भाग काढायचा असतो, टीआरपी बघायचा असतो, विचार दिसत नाही आणि वाद ऐकायला कुणी थांबत नाही. पहिली दोन कारणं खरी आहेत. महात्मा फुले आणि सावित्रीबाईंवरची सोनी मराठीची ‘सावित्रीजोती’ मालिका 2020 मध्ये वर्षभरातच आटोपली. पण ‘विचार दिसत नाही’ हे मराठी प्रेक्षकाला सांगू नये. कोर्टातले खटले, बंद खोलीतले वाद, दोन पात्रांचं तासभराचं भांडण यांवर आपली रंगभूमी पिढ्यान्‌पिढ्या जगली आहे. आणि श्रद्धा दिसते ती अशा वेळी, जेव्हा माणसाला एक शब्द पाळायचा असतो आणि समोर बर्फ पडत असतो, किंवा हातात चहाचा पेला असतो आणि पन्नास डोळे लागलेले असतात. देवघराच्या समईत ती शोधली की नेपथ्याचा पुरस्कार मिळतो, माणूस निसटतो.

आनंदीबाईंनी ‘हिंदू म्हणून परत येईन’ हा शब्द पाळला. त्या परत आल्या आणि पुण्यात गेल्या. पण त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेला पाठवल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्या ठेवल्या गेल्या. गंगेत नाही, गोदावरीत नाही. यात धर्म मोडला की पाळला गेला, यावर कल्याणच्या कुठल्याही पारावर आजही दोन तट पडतील आणि दोन्ही तटांना बोलण्यासारखं असेल.

सेरामपूरच्या भाषणाला वाडा लागत नाही, घोडागाडी लागत नाही, बोट लागत नाही. एक सभागृह, काही खुर्च्या, नऊवारीतली सतरा वर्षांची मुलगी आणि सहा प्रश्न. सगळ्या कालपटांतला हा सगळ्यांत स्वस्त प्रवेश आहे. कल्याणचं अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीचं फुले कलामंदिर, ठाण्याचं घाणेकर नाट्यगृह इथे दरवर्षी एकांकिकांच्या स्पर्धा होतात आणि कॉलेजची पोरं विषय शोधत हिंडत असतात. त्यांच्यापैकी कुणीतरी हे भाषण उचलावं, सहाही उत्तरं जशीच्या तशी ठेवावीत, आणि मनू व येशू दोघांचीही नावं गाळू नयेत.